जिवासाठी मांडलेला पाट

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर रुसला होता. रुसवा फार मोठा नव्हता, पण दुधावरच्या सायीसारखा रोज थोडा थोडा जाड होत चालला होता.

गुरू म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी झोपडीत राहणारा एक वृद्ध भगत. ज्याचं दुखणं वैद्याला सापडत नसे, तो मनुष्य त्याच्याकडे येई. भगताचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "वैद्याला दाखवलं का?" ताप, खोकला किंवा मुरगळलेला पाय घेऊन आलेल्याला तो आदराने पाणी पाजी आणि वैद्याच्या घराची जवळची वाट दाखवून देई. त्याची विद्या निराळी होती. माणसाला मोठा धक्का बसला, किंवा घाईघाईत एखादी जागा सोडावी लागली, तर शरीर पुढे निघून येतं आणि जीव मागेच राहतो, बैलगाडीतून वाटेत पडलेल्या बोचक्यासारखा, अशी त्याची श्रद्धा होती. त्या मागे राहिलेल्या जिवाला हाक मारून घरी आणायचं, एवढंच त्याचं काम.

शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याच्या ध्यानातही आलेलं होतं. झाडपाला त्याला ओळखता येई, सगळे विधी मुखोद्गत होते, आणि आवाज तर असा की त्याने हाक मारली की पलीकडच्या टेकडीवरची गुरं माना वर करीत. इतकं असूनही भगत त्याला एकट्याने काही करू देत नसे. शिकवण्याची रीतही विचित्र. शिष्य पहिल्या दिवशी आला तेव्हा भगताने ना मंत्र सांगितला ना दीक्षा दिली. झोपडीत एकुलती एक खुंटी होती, तिच्यावरची स्वतःची घोंगडी त्याने काढून जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "तुझी पिशवी इथं अडकव." झालं, तोच पहिला पाठ. तेव्हापासून पिशवी खुंटीवर होती आणि घोंगडी जमिनीवर, मुंग्यांच्या वाटेत. म्हातारा रोज सकाळी ती झटकी आणि रोज तिथेच ठेवी. शिष्याला वाटे, ज्ञानी माणसांना आवराआवरीचं वावडंच असतं.

अशात एका दुपारी ठकूबाई कुंभारीण झोपडीच्या दाराशी आली. मागे तिचा मुलगा धाकू होता, आणि त्याच्याही मागे, सावलीत सावली मिसळावी तशी, त्याची नवी बायको.

ठकूबाई बोलायला लागली की मध्ये श्वास घेत नसे, त्यामुळे सगळी हकीगत भगताला एकाच दमात कळली. लग्न माघात झालं होतं. मुलगी घाटापलीकडची. अक्षय्य तृतीयेला घरोघर नवी मडकी लागतात, ती घडवायची घाई, म्हणून वऱ्हाडाने जेवणंही आटोपती घेतली आणि दिवस मावळायच्या आत मुलीला घेऊन घाट उतरला. आली तेव्हा मुलगी चांगली धडधाकट होती. मग वात आखडत जावी तशी विझत गेली. सांगितलं तर दोन घास खाई. हाक मारली तर ओ देई, पण ती ओ विहिरीतून आल्यासारखी. हातातलं मडकं सुटून पडे आणि ती फुटलेल्या खापरांकडे दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी बघत राही. तालुक्याच्या वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं, हिला काही झालेलं नाही.

"काही नाही तर मग हे काय आहे?" ठकूबाईने सुनेकडे बोट दाखवलं.

बाजारात घागर देताना ठकूबाई तिच्यावर टिचकी मारून गिऱ्हाइकाला नाद ऐकवीत असे. खणखणीत वाजली तर घागर चांगली, बद्द वाजली तर आत कुठेतरी चीर. सुनेचा नाद बद्द येत होता आणि चीर काही दिसत नव्हती, ही तिची खरी पंचाईत होती. नात्यातल्या चार शहाण्यांनी बसून ठरवूनही टाकलं होतं. अक्षय्य तृतीयेचा बाजार उरकला की मुलीला माहेरी पोचवायचं, आणि पुन्हा आणायला जायचं नाही.

हे ऐकताना धाकू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. "मला ती हवी आहे, बाबा," तो एकदम म्हणाला. मग हे आपण आईच्या देखत बोललो असं ध्यानात येऊन, गाढवाला पाणी दाखवायच्या निमित्ताने त्याने तिथून काढता पाय घेतला.

भगताने मुलीकडे बराच वेळ पाहिलं. तिचं नाव विचारलं. ठकूबाईने सांगितलं, सुलक्षणा. मुलीने मान वर केली नाही. भगताने मान डोलावली आणि शिष्याला म्हणाला, "हिचा जीव तू बोलाव."

शिष्याच्या रुसव्याची साय एका क्षणात विरघळली. संध्याकाळी हातात तांदळाची थाळी, थाळीत दिवा, असा तो गावाच्या शिवेवर जाऊन उभा राहिला. घाटाकडे तोंड करून त्याने हाक मारली, "सुलक्षणा, घरी ये!" हाक घाटावर जाऊन आपटली आणि परत आली. गावातली कुत्री उठली. विधीप्रमाणे तो मागे वळून न पाहता कुंभाराच्या दाराशी आला आणि थाळीतले तांदूळ त्याने उंबऱ्यावर ओतले. हाकेचा परिणाम झालाच नाही असं म्हणता येणार नाही, कारण वरच्या आळीतली दुसरी एक सुलक्षणा, लाटणं हातात घेऊन, काय झालं म्हणून धावत आली. धाकूची बायको मात्र होती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी शिष्याने गुरूला सांगितलं की या मुलीचा जीव हट्टी दिसतो.

भगत हसला. त्याने विचारलं, हे नाव त्या जिवाला ठाऊक आहे का? ते तर लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं नाव. शरीर मांडवात बसलं होतं, त्याने ते ऐकलं असेल. जीव तेव्हा कुठे होता कोणास ठाऊक. आपल्याला भलत्याच नावाने कुणी हाक मारली तर आपण तरी वळून बघतो का?

शिष्य खजील होऊन कुंभारवाड्यात गेला आणि मुलीचं माहेरचं नाव विचारू लागला. ठकूबाईला ते आठवेना. लग्नाआधी एकदोनदा ऐकलं होतं, म्हणाली. सासरा चाकाशी बसला होता. सुनेला आधीचंही एक नाव होतं ही गोष्ट त्याला नवीन वाटली. धाकू कोपऱ्यात माती तुडवत होता. तो तुडवायचा थांबला. त्याचे कान लाल झाले.

"सोनकी," तो म्हणाला. "मी मनात तेच म्हणतो."

त्या संध्याकाळी शिष्याने शिवेवरून सोनकीला हाक मारली. का कोणास ठाऊक, या खेपेला त्याचा आवाज आपोआप खाली आला. सोनकी म्हणजे डोंगरउतारावरचं इवलंसं पिवळं फूल. त्याला ओरडून कोण बोलावणार? तो परत येऊन तांदूळ ओतत होता तेव्हा दाराच्या चौकटीशी उभ्या असलेल्या मुलीने मान वर केली. रात्री तिने आपण होऊन अर्धी भाकरी मागून घेतली. गाढवाने धाकूची टोपी चघळली तेव्हा ती चक्क हसली. ठकूबाईने सकाळी उठून एक नवी घागर भगताच्या झोपडीवर पाठवून दिली, आणि शिष्य गावातून चालताना जरा रुंद होऊन चालू लागला.

पण ते सुख टिकलं नाही. दोन दिवस गेले आणि मुलगी पुन्हा विझली. पहिल्यापेक्षाही जास्त. बाजार तर तोंडावर आला होता. धाकू झोपडीवर आला, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला, आणि उठून गेला.

शिष्याचं तोंड उतरलं. "बाबा, तिचा जीव आला होता. मी डोळ्यांनी पाहिलं. मग परत का गेला?"

"चल, बघू या," भगत म्हणाला. निघताना त्याने झोपडीतला एकुलता एक पाट उचलून काखेत मारला. कशाला, ते सांगितलं नाही.

बाजाराआधीचं कुंभाराचं घर ज्याने पाहिलं आहे, त्याला वेगळं वर्णन नको. भिंतीच्या कडेने कच्ची मडकी सुकत ठेवलेली, फडताळावर पणत्या, माळ्याखाली घागरी, घागरींवर झाकणं. माणसांनी अंग चोरून चालायचं आणि मडक्यांनी ऐसपैस बसायचं, असा त्या दिवसांतला नियम. भगत त्या घराच्या मधोमध पाट घेऊन उभा राहिला.

"मांडू का?" त्याने विचारलं.

"मांडा की," ठकूबाई म्हणाली. तिला वाटलं, म्हातारा पूजेला बसतो आहे.

भगताने पाट दाराजवळ मांडला. सासरा खाकरला. त्याने नम्रपणे सांगितलं की तिथे त्याची तंबाखू मळत बसायची जागा आहे. भगताने पाट उचलला आणि भिंतीपाशी नेला. ठकूबाई ओरडली, तिथे मडकी ओली आहेत, धक्का लागेल. पाट चुलीशी गेला. तिथे ठकूबाईचा पाट आधीच होता. पाट मधल्या वाटेत आला. वाटेत कसा चालेल? पाट माळ्याखाली गेला. तिथे गाढवाचं खोगीर होतं. धाकू लगबगीने खोगीर उचलायला धावला तर आई म्हणाली, "आणि ते काय माझ्या डोक्यावर ठेवणार आहेस?" तोंडात पिलू धरून घरभर जागा शोधत हिंडणारी मांजर असते ना, तसा म्हातारा पाट घेऊन हिंडत होता. शिष्याला गुरूची लाज वाटू लागली. इतक्या मोठ्या माणसाने परक्या घरात असं करू नये, असं त्याला मनापासून वाटलं.

शेवटी ठकूबाईचा धीर सुटला. "बाबा, तुम्हाला बसायचंय तरी कुठं?"

"मला नाही बसायचं."

"मग कुणाला?"

"परवा तुमच्या दारात एक पाहुणा आला होता," भगत म्हणाला. "याने त्याला नावाने बोलावलं, म्हणून आला. घरभर फिरला. जिथं टेकायला जाई, तिथं कुणाचं तरी काहीतरी होतं. बिचारा दोन दिवस उभा राहिला. किती वेळ उभा राहील?"

शिष्याने सहज मुलीकडे पाहिलं आणि त्याच्या मनात काहीतरी हललं. ती उभी होती. ते आले तेव्हाही उभी होती. त्या दोन्ही संध्याकाळी उंबऱ्यावर तांदूळ ओतताना त्याने तिला पाहिलं, तेव्हाही ती त्याच चौकटीला पाठ लावून, आपण जितकी कमी जागा व्यापू तितकं बरं अशी, उभीच होती. त्याने हे दर वेळी पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

ठकूबाईलाही ते दिसलं असावं, कारण ती लगेच चिडली. "नवी सून उभीच असते. मी आले तेव्हा मला कुणी पाट मांडला होता?"

"नव्हता मांडला," भगताने कबूल केलं. त्याच्या आवाजात दटावणं नव्हतं, उलट थोडी माया होती. "मग तुझा जीव या घरात कधी आला, ठकू?"

ठकूबाईने तोंड उघडलं. त्या घरात प्रथमच असं झालं की तिने तोंड उघडलं आणि शब्द बाहेर आले नाहीत. तिची नजर खिडकीकडे गेली. घराला एकच खिडकी होती, आणि तिच्याखाली गळ्यापर्यंत धान्याने भरलेला एक थोरला रांजण होता.

"सासू तिथं बसायची," ती सावकाश म्हणाली. "ती गेल्यावर मी तिथं हा रांजण ठेवला. माझ्या हातचा पहिला. त्या दिवशी वाटलं, आलो बाई आपण."

"तेव्हा हा धाकू केवढा होता?"

"मिसरूड फुटली होती त्याला."

"आणि तोवर?"

"तोवर..." ठकूबाईने पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. "तोवर मडकी केली."

चाकाशी बसलेल्या सासऱ्याने बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती, आणि त्यानेही कधी विचारली नव्हती.

मग भगत मुलीकडे वळला. "सोनकी, तुला कुठं बसावंसं वाटतं?"

नव्या सुनेला पहिल्या वर्षात लोक पुष्कळ प्रश्न विचारतात. मीठ किती घालतेस, पहाटे जाग येते का, तुमच्याकडे आमटीला गूळ घालतात का. या प्रश्नाची मात्र कुणाकडून अपेक्षा नसते, त्यामुळे त्याचं उत्तर तयार नसतं. मुलीने घरभर नजर फिरवली. मग हनुवटीने खिडकीकडे खूण केली.

"तिथून घाटाची वाट दिसते," ती म्हणाली.

ठकूबाईच्या मनातली भीती तिच्या तोंडून सुटलीच. "वाट बघत बसशील, आणि एक दिवस तिकडेच निघून जाशील."

"दिसत नाही म्हणून सारखी शोधत असते, आत्या," मुलगी म्हणाली. "एकदा दिसली की कामाला लागेन."

लग्न झाल्यापासून ती एवढं मोठं वाक्य बोलली नव्हती. सासरा फस्सकन हसला. ठकूबाई मात्र हसली नाही, ती कान देऊन ऐकत होती. टिचकी न मारताही तिला तो नाद ऐकू आला होता.

ती उठली, पदर खोचला आणि तिने रांजणाला मिठी घातली. धाकू मदतीला धावला तर म्हणाली, "राहू दे. माझा आहे, मीच हलवीन." धान्याने भरलेला तो रांजण तिने बुडाच्या कडेवर तोलत तोलत, स्वतःशी पुटपुटत, चुलीपाशी नेला. खिडकीखालच्या जमिनीवर त्याचा गोल वण उरला. भगताने त्या गोलात पाट मांडला आणि बाजूला झाला.

सोनकी पाटावर बसली. ढोल वाजला नाही की कुणाच्या अंगात आलं नाही. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. घाट होता तिथेच होता, आणि वाटही. थोड्या वेळाने तिचा श्वास एवढा खोल गेला की तो सगळ्यांना ऐकू आला. मग तिने हात लांबवून जवळची कच्ची घागर ओढून घेतली, तिच्या काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आत्या, हिला घोटायचं राहिलंय का?"

"राहिलंय," ठकूबाई म्हणाली, आणि घोटून चकाकी आणायचा गुळगुळीत दगड तिने लेकीला द्यावा तसा तिच्या हातात दिला. नंतर ओशाळून, भाकऱ्या टाकायला हव्यात असं म्हणत चुलीकडे गेली.

अक्षय्य तृतीयेच्या बाजारात घागरींवर टिचक्या मारायला सोनकीच बसली होती. चार शहाण्यांच्या निर्णयाची आठवण कुणी काढली नाही, शहाण्यांनीसुद्धा नाही. आषाढात ती रीतीप्रमाणे माहेरी गेली आणि ठरल्यापेक्षा लवकर परत आली. माहेरी करमेना म्हणाली. पण हे पुढचं झालं.

त्या दिवशी झोपडीकडे परतताना शिष्य मागे वळून वळून पाहत होता. पाट तिथेच राहिला असं त्याने सांगून पाहिलं. राहू दे, असं भगत म्हणाला. शेवटी शिष्याने विचारलं, "बाबा, यातला मंत्र कुठला होता?"

"तू आजारी माणूस पाहिलास की विचारतोस, याला काय झालं," भगत म्हणाला. "मी विचारतो, इथं कोण नाही. आणि जो नाही, तो का येत नाही. जीव हट्टी नसतो रे, भिडस्त असतो. तो हाकेला येतो, पण जागा नसली तर कुणाला न सांगता परत जातो. त्या पोरीला औषध द्यायचं नव्हतं. घराला थोडं सरकायला लावायचं होतं."

"आणि ठकूबाई?"

"तिचाही जीव थोडा अजून दाराबाहेर उभा असेल. पण रांजण आज तिने आपल्या हाताने हलवला. येईल तोही."

झोपडीत शिरताना शिष्याचा पाय नेहमीप्रमाणे घोंगडीला अडखळला. ती होती तिथेच होती, मुंग्यांच्या वाटेत. वर खुंटीवर त्याची पिशवी. तो दारातच थांबला आणि एकदा खुंटीकडे, एकदा घोंगडीकडे पाहत राहिला.

सकाळी भगत ओढ्यावर गेला तेव्हा शिष्याने बाभळीची एक फांदी तोडली, तासली, आणि आपल्या खुंटीशेजारी दुसरी खुंटी ठोकली. घोंगडी झटकून तिच्यावर नीट घडी घालून टाकली. भगत परतला, ओली पावलं पुसत आत आला, आणि भिंतीपाशी थबकला. दोन खुंट्यांकडे त्याने डोळे भरून पाहिलं.

"आलास?" त्याने विचारलं.

इतकी वर्षं त्याच झोपडीत राहणाऱ्या शिष्याला हा प्रश्न मुळीच चमत्कारिक वाटला नाही.

"आलो, बाबा," तो म्हणाला, आणि चुलीवर पाणी ठेवायला वळला.